दाजींनी आवळलेला प्लग

पाना सटकला, माझी बोटं लोखंडावर आपटली आणि सांध्यांवरचं सालटं निघालं. एवढंच झालं होतं. आईशप्पथ सांगतो, त्याच वेळी गाडीखालून बाहेर येऊन गुमान चहा प्यायला बसलो असतो, तर पुढचं काही झालंच नसतं. पण मी बसणाऱ्यातला नाही. माझं डोकं तापलं की ते मलाच विचारत नाही. भोरच्या बाहेर कापूरहोळ रस्त्याला इंद्रजितचं गॅरेज आहे, पत्र्याची शेड आणि पुढं ऑईलनं काळी झालेली जमीन. तिथं माझी गाडी उभी होती, आणि मी तिच्या पोटाखाली गोणपाटावर उताणा पडून, बोट तोंडात धरून, त्या प्लगला शिव्या घालत होतो. ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडाचा मोठा गोळा असतो, तुम्ही रस्त्यानं ट्रकच्या मागं चालताना पाहिला असेल. त्याला डिफरन्शियल म्हणतात. आत दातेरी चाकं, आणि ती बुडून राहावीत म्हणून जाड तेल. गोळ्याला दोन तोंडं. वरच्या तोंडातून तेल भरायचं, खालच्यातून सोडायचं, आणि दोन्ही तोंडांना प्लग. त्यातला वरचा प्लग काल दुपारपासून जागचा हलत नव्हता. रॉकेल पाजून झालं, हातोड्यानं ठोकून झालं, पान्याला पाईप लावून इंद्रजित आणि मी दोघं लोंबकळून झालो. त्या झटापटीत प्लगची चौकोनी खाच झिजून गोल झाली आणि आता पाना त्यात नुसता फिरत होता.

"खालचा उघडून तेल सोडू की मग," मी खालूनच ओरडलो. "आत काय हाय ते तरी दिसंल."

"आन वरचा न्हाईच उघडला तर? तेल भरायचं कुठनं, तोंडानं?" इंद्रजित म्हणाला.

त्याचं बरोबर होतं, आणि ते मला त्याच्या आधीपासून ठाऊक होतं. आधी वरचं तोंड उघडायचं, ते उघडलं तरच खालच्याला हात लावायचा, नाहीतर रिकाम्या पोटाची गाडी जागच्या जागी मेली. हे मला दाजींनी शिकवलं होतं, मी वयानं अगदी कोवळा असताना, पासलीच्या घरासमोर, ह्याच गाडीखाली. आणि ही गाडी दाजींचीच. म्हणजे सुगी होईपर्यंत दाजींची होती, आता माझी. दाजींचं नाव सावळा, माझ्या रतनअक्काचे मालक. आमचा बाप गेला तेव्हा अक्काचं नुकतं लग्न झालं होतं. ती नांदायला पासलीला गेली ती मला संगं घेऊनच गेली म्हणायचं. कुणी नवीन लग्नाचा माणूस बायकोच्या भावाला असा घरात घेत नाही. दाजींनी घेतलं. ताटात वाढलं, शाळेत घातलं, शाळा मला झेपली नाही तर तेही कुरकुर न करता मान्य केलं आणि गाडीवर घेतलं. भात, पेंढा, वीट, वाळू, जे मिळेल ते वेल्ह्यातून खाली आणि खालून वेल्ह्यात. पासलीच्या खिंडीत त्यांनी मला पहिल्यांदा स्टेअरिंग दिलं आणि स्वतः शेजारी मान टाकून झोपले. भरल्या गाडीचं ओझं मागं, खाली सगळी दरी, आणि हा माणूस घोरतोय! नंतर मला वाटायला लागलं की ते झोपले नव्हते, नुसते डोळे मिटून पडले होते, मला लाज वाटू नये म्हणून. विचारायचं राहूनच गेलं.

गाडी माझ्या ताब्यात आल्यापासून मागून आवाज येत होता. आधी मला वाटलं, रिकामी गाडी आहे, पत्रा वाजतोय. मग भात भरून खिंड चढलो, आणि पोटाखालून ते सुरू झालं, घूं, एकसारखं, चढ संपेपर्यंत. रात्री अंथरुणावर पडलं तरी कानात तेच. बायको म्हणायची, अहो झोपा, पंखा वाजतोय. पंखा कुठला! माझी पुण्यातली चांगली नोकरी होती, कंपनीच्या माणसांना कात्रजहून नेणारी-आणणारी बस चालवत होतो, गार हवा, स्वच्छ सीट, पहिल्या तारखेला पगार. दाजींचे डोळे साखरेनं गेले, पडद्यामागं रक्त उतरलं, डॉक्टरनं स्टेअरिंगला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांचाच फोन आला. "रोह्या, गाडी उभी राह्यली तर गंजंल. तुझी हाय, घिऊन जा." मला रडायला आलं होतं तेव्हा. आता हे आठवायचं म्हटलं तर अंगाला चटका बसतो. नोकरी सोडली, भोरात खोली केली, बायकोनं, दिपालीनं, तिचं शिवणाचं यंत्र गुंडाळलं आणि आम्ही आलो. गाडी हेच आता आमचं पोट. आणि पोटातूनच आवाज येतोय.

इंद्रजित तसा वाईट माणूस नाही. पण त्याला बोलायला लागतं. मी गाडीखालून सरकून बाहेर आलो तर तो तंबाखू मळत उकिडवा बसला होता, आणि भोंगवलीचा एक दूधटेम्पोवाला पंक्चरची वाट बघत चहा पीत होता. इंद्रजितनं मान वाकडी करून प्लगकडं पाहिलं. कडेनं काहीतरी पांढुरकं, घट्ट, वाळलेलं बाहेर आलेलं दिसत होतं.

"रोहिदासराव, प्लग असा कोण आवळतं ठावं हाय का? आत कुणी बघू ने असं ज्याला वाटतं, त्यो. हे पांढरं बघा. लुकन भरलंय वरनं, फट बुजवायला."

"म्हंजे?"

"म्हंजे आता काय सांगायचं. आतली दाती झिजून गाडी वाजायला लागली, आन मालकाला ती काढून टाकायची आसली, की लोक आत लाकडाचा भुसा घालत्यात. भुसा तेलात भिजला की आवाज दबतो. म्हैनाभर गाडी गप. नव्या मालकाच्या दारात गेली की मंग बोंब."

"दाजींनी मला इकली न्हाई. दिलीय."

"दिली काय आन इकली काय. गळ्यात तर पडली न्हवं?" टेम्पोवाला म्हणाला आणि फुर्र करून चहा ओढला.

मी हसलो. खरंच हसलो, मला आठवतंय. पण ते 'गळ्यात पडली' आत जाऊन बसलं. मन हे लई हलकट असतं. त्याला एक बारीक फट मिळाली की ते मागं जाऊन सगळं उकरून काढतं. फोन करायची दाजींना एवढी घाई का झाली होती? गाडी नेताना मी म्हणालो, चला दाजी, पहिली खेप संगं करू, तर ते म्हणाले, नगं, तूच जा. का नको? किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा ते बॉनेटवर हात फिरवत उभे होते आणि माझ्याकडं बघत नव्हते. बघणार कुठून, त्यांना दिसत नव्हतं. पण त्या वेळी हे मला सुचलं नाही. मला फक्त त्यांचा दुसरीकडं वळलेला चेहरा आठवला. काल संध्याकाळी फोनवर आवाजाचं सांगितलं तर ते म्हणाले, "आवाज? चढाला येतो का उताराला गाडी सोडल्यावर?" साधा प्रश्न, कुठलाही जाणता माणूस हेच विचारेल. मला आता वाटलं, बघा, कसे वेळ काढत होते. प्लग उघडत नाही म्हटल्यावर क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "म्या येतो उद्या." मी म्हणालो, कशाला, दिसत नसताना कुठं दगदग. तर म्हणाले, "त्याची चावी हितंच राह्यलीय, ती घिऊन येतो." आणि मला वाटलं, स्वतःच उघडायचंय ह्यांना. माझ्या आधी. असं एकेक. ज्या माणसाचं मीठ खाल्लं त्याच्याबद्दल असं सगळं जुळवत मी गोणपाटावर बसलो होतो, बोटातून रक्त येत होतं, आणि मला त्यात एक प्रकारची मजा पण येत होती, हे सांगायला हवं. आपण फसवले गेलोय हे कळण्यात एक वाईट गोडी असते. आपलं सगळं अपयश दुसऱ्याच्या खात्यावर जातं.

दाजी आले ते रिक्षातून. अक्कानं त्यांना वेल्ह्याच्या एस.टी.त बसवून दिलं होतं, चेलाडीला कुणी गाडी बदलून दिली, भोरच्या स्टँडवर रिक्षावाल्यानं हाताला धरलं. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. मेव्हण्याच्या गावी गॅरेजमध्ये यायचं तर कुणी इस्त्रीचा शर्ट घालतं का? पण ते तसेच. बाहेर पडायचं म्हणजे नीट पडायचं. "जयभीम, जयभीम," ते जिथून माणसांचा वास आला तिकडं बघून म्हणाले. इंद्रजितनं खुर्ची दिली, ती नको म्हणाले. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली चावी काढली, जाड चौकोनी सळईची, लोहाराकडून करून घेतलेली, आणि सरळ गाडीच्या कडेकडेनं हात लावत मागं गेले. गुडघ्यावर बसले. इस्त्रीचा शर्ट तसाच धुळीत. हात आत घातला आणि एका दमात त्यांचं बोट बरोबर प्लगवर. बोट गोल फिरवलं.

"चौकोन मारलात की रं," ते म्हणाले. "थांबायचं न्हाई का? आता ही चावी काय कामाची." मग स्वतःशीच हसून, "जरा लईच बसलाय. म्याच आवळलाय, पायपं लावून. दिसंना, मंग अंदाज येईना. रतनीला धरायला लावलं तिकडनं."

"एवढा का वं आवळला, पाव्हणं? आत काय ठेव पुरलीय का?" इंद्रजित म्हणाला.

टेम्पोवाला हसला. दाजीही हसले. त्यांना त्यात काही कळलं नव्हतं, लोक हसतायत म्हणून ते हसले, जसा कुणीही भला माणूस चारचौघांत हसेल. पण ते हसणं बघून माझ्या डोक्यात सणक गेली. मला वाटलं, हे तिघं मिळून मला हसतायत.

"दाजी," मी म्हणालो, "खरं सांगा. भुसा घातलाय न्हवं ह्यात?"

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. जरासं चुकलंच, माझ्या शेजारच्या चाकाकडं बघत ते म्हणाले, "कशात?"

इथं थांबता आलं असतं. एकदा माणूस बोलून जातो, जीभ घसरते, लोक समजून घेतात. मी दुसऱ्यांदा बोललो, आणि जास्त नीट, शब्द शब्द सुटा करून बोललो, म्हणजे लांबच्या बाकड्यावरच्या माणसालाही ऐकू जावं.

"डिफरन्शियलमधी. आवाज दबावा म्हणून. माझ्या गळ्यात मारायच्या आधी."

टेम्पोवाल्यानं पेला खाली ठेवला. इंद्रजित एकदम उठून कसली तरी पेटी उघडायला लागला, तिच्यात त्याला काही नको होतं. दाजींनी हात गाडीखालून काढला, बोटावरचं काळं फडक्याला पुसलं, पुन्हा पुसलं. चावी फडक्यात गुंडाळली. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. रागाचा असता तर मला बरं वाटलं असतं, मी पुढं बोललो असतो, भांडलो असतो, भांडणात सगळं वाहून गेलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता, हा कोण बोलतोय असा, आवाज ओळखीचा पण माणूस ओळखू येत नाही असा.

"तुझ्या अक्कानं पाईप धरला व्हता," ते म्हणाले. "तिला इचारलंस का?"

"तिला काय इचारायचं?"

"न्हाई, तीबी आलीच की मंग त्यात." ते चाकाला धरून उठले. "उघड. उघडून बघ. म्या थांबत न्हाई. जयभीम इंद्रजितराव."

मला जयभीम नाही. काठी पुढं टेकत, डाव्या हातानं रस्त्याकडेच्या कुंपणाची तार चाचपत ते स्टँडच्या बाजूला चालायला लागले. शर्टाला मागं धूळ लागली होती. मी बघत उभा राहिलो. आता मागं जायला हवं, एवढं मला कळत होतं. मी काही दगड नाही. भोरच्या रस्त्याला डंपर येतात, ऊस येतो, मोटारसायकलीवर पोरं सुसाट येतात, आणि हा माणूस तारेला धरून चाललाय. माझा एक पाय उचललासुद्धा गेला. आणि मी स्वतःला म्हणालो, आधी उघडू. आत काय आहे ते बघू, मग काय ते बोलू. इतकं साधं वाटलं ते त्या वेळी, अगदी शहाण्या माणसासारखं. इंद्रजितला म्हणालो, "वेल्डिंग मार." तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "पाव्हण्यांना रिक्षा तरी बघून द्या." मी म्हणालो, "तू मार."

त्यानं एक जुना नट प्लगच्या गोल झालेल्या खाचेवर धरला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंगनं चिकटवला. निळा उजेड, ठिणग्या, मी तोंड फिरवलं. नटाला पाना बसतो आणि उष्णतेनं आट्यातलं धरलेलं सुटतं, अशी ती युक्ती. गोळा तापला तशी प्लगच्या कडेनं धुराची बारीक रेघ निघाली आणि वास आला. तेलाचा वास मला ओळखीचा आहे, कुजक्या लसणीसारखा, तो हातावरून महिनाभर जात नाही. हा तो नव्हता. हा जळक्या सुतळीचा वास होता.

सुतळी. सुतळी आणि सफेदा. तिथं, त्या धुरात, मला पासलीचं अंगण दिसलं. गाडी घेण्याच्या आधी दाजी नळाची कामं करायचे. आमच्या गावात आणि पलीकडच्या वाड्यांवर पाण्याची योजना आली तेव्हा सगळे पाईप त्यांनी जोडले. संध्याकाळी अंगणात बसून उद्याचे तुकडे तयार करायचे. आट्यावर पांढरा सफेदा चोपडायचा, त्यावर सुतळीचे तंतू गोल गोल गुंडाळायचे, पुन्हा सफेदा. मी सुतळी सोडून द्यायचो, अक्का चुलीपाशी भाकरी थापत असायची. "पाणी लई चाप्टर असतं रोह्या," ते म्हणायचे, "फट दिसली की आलंच." पुढं गाडी घेतली तरी त्यांची ही खोड गेली नाही, गाडीत जिथं जिथं आटे, तिथं तिथं दाजींची सुतळी आणि सफेदा. मिस्त्री लोक हसायचे, अहो हा ट्रक आहे का नळ? ते म्हणायचे, पावसाळ्यात आमच्याकडं ओढ्यातनं गाडी घालायला लागती, पाणी आत शिरलं तर डिफरन्शियल खलास. हे मला माहीत होतं. नवीन कळलं असं नाही. ते पांढुरकं काय आहे हे कालपासून माझ्या नाकासमोर होतं, आणि सगळ्या भोर-वेल्ह्यात ते ओळखणारा माणूस एकच, मी. इंद्रजित त्याला लुकन म्हणाला आणि मी मान हलवली. आयला, मान हलवली मी!

"फिरला," इंद्रजित म्हणाला. पाना कुरकुरला, अडखळला, मग प्लग सावकाश बाहेर यायला लागला. आट्यांना काळे जळके तंतू चिकटलेले. शेवटचा आटा सुटला आणि तोंडातून तेल ओघळलं. भरपूर, अगदी काठापर्यंत भरलेलं. मी आत बोट घातलं. भुसा सोडा, लोखंडाचा चुरासुद्धा नाही. स्वच्छ, गुळाच्या पाकासारखं, नवीन तेल. कुणीतरी नुकतंच बदललेलं. कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला आता कुणी नको होतं. डोळ्यांनी दिसत नसलेला माणूस, गाडी दुसऱ्याला द्यायची म्हणून, जायच्या आधी तिच्या खाली आडवा पडला होता. हातानं चाचपून जुनं तेल सोडलं, नवं भरलं, बोट घालून काठ बघितला, सुतळी गुंडाळली, आणि माझ्या पावसाळ्याचा विचार करून बायकोला पाईप धरायला लावून प्लग आवळला. दिसत नव्हतं म्हणून जरा जास्त आवळला गेला.

"मंग हे न्हाईच," इंद्रजित म्हणाला. इंजिनाकडून त्या गोळ्यापर्यंत येणारा लांब शाफ्ट हातानं हलवून बघितला, मध्यावर खडखड वाजलं. "हे घ्या. सेंटर बेअरिंग गेलंय. आवाज ह्याचा. तासाभराचं काम."

मंग हे न्हाईच! मला त्याचं नरडं धरावंसं वाटलं. पण त्याचं काय चुकलं? तो बोलणारा माणूस, बोलला. त्यानं काय माझ्यासारखं दाजींच्या घरचं खाल्लं होतं? टेम्पोवाला केव्हाच निघून गेला होता. त्याला हे तेल कोण दाखवणार? तो भोंगवलीला जाऊन सांगणार, आज भोरला एका मेव्हण्यानं दाजीला चोर म्हटलं, आणि तिथं ते तसंच राहणार.

स्टँडवर दाजी बाकाच्या टोकाला बसले होते, काठी दोन्ही गुडघ्यांत उभी, पिशवी मांडीवर. मी पळत आलो होतो, धापा टाकत होतो. जवळ गेलो, पण बसायचा धीर होईना. त्यांनी नाक वर केलं.

"बस," ते म्हणाले. "तेलाचा वास येतोय. उघडला वाटतं."

मी बसलो. "व्हय."

पुढं त्यांनी काही विचारलं नाही. मी वाट बघितली. विचारतील, काय निघालं, मग मी सांगीन, मग ते म्हणतील, बघ, असं काहीतरी. चेलाडीवरून जाणारी स्वारगेटची गाडी लागली, माणसं उठली, बसली. एक बाई कोंबडी घेऊन आमच्यासमोरून गेली. 

"साफ हाय तेल," शेवटी मीच म्हणालो. "नवं हाय. सेंटर बेअरिंग गेलंय, त्याचा आवाज." मग एकदम म्हणालो, "चुकलं दाजी. पाया पडतो तुमच्या. डोकं फिरलं व्हतं."

"आसूं दे."

"आसूं दे कसं? चारचौघांत बोललो म्या."

"चारचौघांचं काय घिऊन बसलास." त्यांनी हात पुढं केला, तो माझ्या गुडघ्याला लागला, तिथंच जरा राहिला. सोललेलं बोट त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी ते हळूच बाजूला सारलं. "रोह्या, एक इचारू का?"

"इचारा की."

"आत भुसा निघाला असता, तर आला असतास का हितं?"

मला वाटलं, लगेच हो म्हणायचं. तोंड उघडलं पण. आणि मला मी दिसलो, गॅरेजसमोर, हातात भुशाचा ओला काळा लगदा, इंद्रजितला दाखवत, फोन काढून अक्काला लावत, ये बघ तुझ्या नवऱ्याचे उद्योग. स्पष्ट दिसलो. त्या वेळी दाजी ह्याच बाकावर एकटे बसले असते, आणि मी आलो नसतो. उद्याही नसतो. मी पळत आलो ते तेल साफ होतं म्हणून. ते चोर नाहीत हे लोखंडानं सांगितलं, तेव्हा आलो. मी खोटं बोलू शकलो असतो, पण त्यांना डोळे नाहीत, कान आहेत.  आणि ते थांबले, बराच वेळ थांबले, मला बोलायला जागा ठेवून, तरी मी बोललो नाही.

"भुसा असता," मग तेच म्हणाले, "तरी म्या दाजीच व्हतो की रं तुझा."

गाडी सुटायची वेळ झाली. ते उठले, मी पिशवी घेतली, दारापर्यंत गेलो. पायरी चढताना त्यांचा पाय एकदा चुकला, कंडक्टरनं वरून हात दिला आणि त्यांना पुढच्या सीटवर खिडकीशी बसवलं. मी पिशवी मांडीवर ठेवली. ते समोर बघत होते, त्यांच्या लेखी समोर जे काही होतं त्याकडं. मी खाली उतरून कंडक्टरला सांगितलं, ह्यांना चेलाडीला उतरवा, वेल्ह्याची गाडी बघून द्या, दिसत नाही त्यांना. तो तिकिटाचं यंत्र चालू करत होता. "एकट्यालाच पाठवताय?" तो म्हणाला. "कोण लागतात तुमचे?"

"दाजी," मी म्हणालो, आणि ते म्हणताना मला चोरट्यासारखं झालं.